शिकण्यासाठी जुनी शिडाची होडी घ्यायचीय, कुठली घ्यावी?

लेस्टरकर

नमस्कार मंडळी, गेल्या उन्हाळ्यात मी आणि बायकोने इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर तलावावर आरवायएचे (ब्रिटनच्या सेलिंग संघटनेचे) लेव्हल १ आणि लेव्हल २ असे दोन्ही कोर्स केले आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाहीये. आता स्वतःची होडी घ्यायचीय. बजेट ट्रेलर धरून १५०० पौंड, फारच चांगली मिळाली तर थोडं वर. मुलगी नऊ वर्षांची आहे, तीही येणार, म्हणजे निदान तिघं बसतील अशी हवी. क्लबची मेंबरशिप घेणार आहोत, होडी तिथेच ठेवायचा विचार आहे, पण वर्षातून एखाद्या वेळी गाडीला जोडून वेल्सला वगैरे नेता आली तर फार आवडेल.

सध्या तीन जाहिराती बघून ठेवल्यात. एक लाकडी मिरर, १५० पौंड, "थोडं काम आहे" असं लिहिलंय. दुसरी लेझर, ६५० पौंड, ट्रॉलीसकट. तिसरी १८ फुटी केबिनवाली, आत दोघांना झोपता येतं, खाली दोन कील (तळाखालच्या जड फळ्या) आहेत, ९०० पौंड, आणि खरं सांगायचं तर फोटो बघून आम्हा दोघांना तीच सगळ्यात आवडलीय. जाणकारांनी प्लीज सांगा, यातली कुठली घ्यावी, का चौथंच काहीतरी बघावं, आणि जुनी होडी बघायला गेल्यावर नक्की काय काय तपासायचं?

डोलकाठी

लेस्टरकर, अभिनंदन, कोर्स करून मग होडी शोधताय हे फार छान केलंत. मी इथल्याच एका तलावावर बरीच वर्षं शिडं उभारतोय, त्यामुळे सविस्तर लिहितो, लांबेल थोडं.

जाहिराती बंद करा आणि या शनिवारी किंवा रविवारी क्लबच्या डिंगी पार्कात (लहान उघड्या होड्या ठेवायच्या जागेत) एक चक्कर मारा. कुठल्या होड्या जास्त आहेत ते बघा. त्यातलीच एक घ्यायची. कारण असं की जी होडी तुमच्या क्लबात दहा जणांकडे आहे तिचा दोर कसा ओवायचा, शॅकल (जोडकडी) कुठल्या मापाची, डोलकाठी किती मागे झुकवायची हे शेजारी उभा असलेला माणूस दोन मिनिटांत दाखवतो, स्पेअर पार्ट कुणाच्या तरी गॅरेजमध्ये पडलेला असतो, आणि उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक तिथेच मिळतं. एकट्यादुकट्या अनोळखी होडीला यातलं काही नाही, मग ती कितीही स्वस्त असो.

तिघांसाठी आणि शिकण्यासाठी माझं मत वेफेअरर. इयन प्रॉक्टरचं १९५७ चं डिझाइन आहे, लांबी ४.८२ मीटर, नुसत्या सांगाड्याचं (म्हणजे डोलकाठी-शिडांशिवाय होडीचं) वजन १६९ किलो. इतकी स्थिर की पोरगी एका बाजूला उठून उभी राहिली तरी काही होत नाही, आत चार माणसं आरामात मावतात, शीड रीफ करून (म्हणजे खालून गुंडाळून लहान करून) जोराच्या वाऱ्यातही चालवता येतं. आणि लहान वाटली तरी कच्ची नाही हो, १९६३ साली फ्रँक डाय नावाच्या माणसाने हीच उघडी होडी स्कॉटलंडहून आइसलंडला नेली होती. आपल्याला तिकडे जायचं नाही, पण होडीत जीव किती आहे ते कळतं. वजन जास्त हा तिचा दोष, पाण्यातून बाहेर काढून चढावर ओढायला दोघं मोठी माणसं लागतातच आणि तेव्हाही दम लागतो. तेवढं जड नको असेल तर जीपी१४ बघा, जॅक होल्टची १९४९ ची, १४ फुटी, १३३ किलो, शिडावर घंटेचं चित्र असतं त्यावरून ओळखाल.

लाकडी घेऊ नका, फायबरची घ्या, निदान पहिली तरी.

आता तपासणी. विकणाऱ्याला आधी फोनवर सांगून ठेवा की डोलकाठी उभी करून शिडं चढवून बघायचीत, जो कां कू करेल त्याच्याकडे पेट्रोल जाळत जायचं नाही. गेल्यावर पहिलं काम म्हणजे हवाबंद टाक्या, होडी उलटल्यावर तरंगत राहते ती या टाक्यांमुळे, बाकी सगळं नंतर. वेफेअररला पुढे एक आणि मागे एक अशा दोन असतात, त्यांची झाकणं उघडून आत हात घाला, कोरडं हवं. झाकणाच्या कडेचं रबर दाबून बघा, मऊ आणि सलग पाहिजे, कडक होऊन भेगा पडल्या असतील तर तिथून पाणी जाणार. झाकण आवळणारे क्लिप किंवा पट्टे घट्ट बसतात का बघा. मग बुचं काढा आणि पुढून नाळ उचला, मागून पाण्याची धार लागली तर विचारा हे पाणी कुठून आलं. पावसाचं आहे म्हणतील, असूही शकतं, पण ताडपत्री घातलेली होडी असेल तर पावसाचं कसं येईल?

त्यानंतर तळावर सगळीकडे हाताच्या तळव्याने दाबत जा, आत चढून चालून बघा. कुठे दबतंय, करकरतंय का. डोलकाठीच्या बुडाशी आणि सेंटरबोर्डच्या (तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या) पेटीच्या बाजूने खास बघा, सगळा जोर तिथे येतो. वरच्या जेलकोटला (चकचकीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतात त्यांनी घाबरू नका, जुन्या फायबरला त्या येतातच, पण रेष नखाला अडकते आणि तिच्या बाजूचा भाग दाबला की हलतो असं असेल तर आतपर्यंत गेलीय. सेंटरबोर्ड पूर्ण खाली-वर करून बघा. सुकाणूचं पातं वर-खाली होतं का, बिजागरीत फार ढिलं नाही ना.

डोलकाठीला दोन्ही बाजूंनी आणि पुढून धरणाऱ्या तारा, म्हणजे श्राउड आणि फोरस्टे, यांच्यावरून जुना सुती पायमोजा फिरवा. एक जरी तंतू तुटलेला असेल तर मोजा तिथे अडकतो. खास करून खालच्या टोकाला जिथे तार पिळून बसवलेली असते तिथे. तुटलेला तंतू म्हणजे तारा बदलायच्या, चर्चा नाही.

शिडं गवतावर पसरा. कापड हातात घेतल्यावर कुरकुरीत वाजलं तर आयुष्य शिल्लक आहे. जुन्या चादरीसारखं लुळं पडलं असेल तर शिकायला चालेल पण वाऱ्याच्या समोर चढत जाताना होडी आडवीच सरकत राहील आणि तुम्हाला वाटेल आपलंच काहीतरी चुकतंय. नवीन मेन (मोठं शीड) आणि जेनोआ (पुढचं शीड) घ्यायला गेलात तर बरेच पैसे जातात, म्हणून किंमत ठरवताना शिडं आधी बघायची, रंग शेवटी.

मिशिगनवासी

डोलकाठी यांनी लिहिलंय ते सगळं पटलं. आमच्याकडे (अमेरिकेत) हाच प्रश्न कोणी विचारला की उत्तर बहुतेक वेळा सनफिश असतं. १३ फूट ९ इंच, एकच शीड, दहा-पंधरा मिनिटांत पाण्यात, छोट्या तलावांवर घरोघरी पडलेल्या असतात. जुनी घेताना बाथरूममधला वजनकाटा घेऊन जायचा. मूळ वजन १३० पौंडांच्या आत-बाहेर, पण आतल्या फोमने पाणी पिलं की तीच होडी २०० पौंडांच्या वर जाते आणि मग ती महिनोन्‌महिने वाळवत बसावं लागतं. अजून एक, १९७२ च्या आधीच्या सनफिशला सुकाणूची जुन्या पद्धतीची पितळी जोडणी असते, ती ऐन जोरात सुटते आणि पार्टही मिळायला त्रास, त्यामुळे नवीन पद्धतीचं सुकाणू आहे का ते फोटोतच बघून घ्यायचं.

पण लेस्टरकर तिघं आहेत, सनफिशवर दोन मोठे बसले की संपलं. त्यामुळे मोठीच बघा.

लेझरवाला

मी थोडं वेगळं मत मांडतो. शिकायचंच असेल तर लेझर. हल्ली तिला इल्का म्हणतात पण डिंगी पार्कात अजून सगळे लेझरच म्हणतात. ४.२३ मीटर, ५९ किलो, एक दोर एक शीड एक माणूस. चूक केली की होडी लगेच सांगते, तुमच्या वतीने दुसरं कोणी सांभाळून घेत नाही, म्हणून माणूस फार पटकन शिकतो. मोठ्या होडीत नवरा-बायको बसले की एक जण कायम टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) आणि दुसरा कायम जिबवर (पुढच्या लहान शिडावर) असं होतं आणि दुसऱ्याला दोन वर्षांनीसुद्धा होडी एकट्याने आणता येत नाही, हे मी क्लबात सारखं बघतो. शिवाय वारा जास्त असेल तर मोठ्या शिडाऐवजी रेडियल लावायचं, ७.०६ चौरस मीटरवरून ५.७६ वर येतं, बदलायचा तो फक्त डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड.

जुनी लेझर बघताना एक टेस्ट कधीही चुकवू नका. डोलकाठी जिथे खोचतात त्या खड्ड्यात काठोकाठ पाणी भरा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. पातळी खाली गेली तर तळाशी चीर आहे आणि पाणी सांगाड्याच्या आत जातंय. असा मास्ट स्टेप (म्हणजे तो खड्डा) वाऱ्यात फाटला की डोलकाठी डेकसकट उपटून येते. दुसरं म्हणजे डोलकाठीचा वरचा तुकडा बाहेर काढून कॉलरजवळचा रिव्हेट बघा, तिथे गंज धरून भोकाभोवती अल्युमिनियम पांढरं पडलं असेल तर तो तुकडा तिथेच वाकणार.

डोलकाठी

लेझरवाला, एकट्याच्या शिकण्यासाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि नवरा-बायकोचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा, लेस्टरकर तुम्ही तो लिहूनच ठेवा, प्रत्येक वेळी अर्ध्या वाटेवर जागा बदलायच्या. पण नऊ वर्षांची मुलगी किनाऱ्यावर बसून आईबाबांना बघत राहणार असेल तर पुढच्या वर्षी ती यायलाच नको म्हणेल. त्यांना तिघांना एकत्र पाण्यात जायचंय. क्लबची लेझर भाड्याने मिळते, ती अधूनमधून दोघांनी वेगवेगळी चालवावी.

सुतारपक्षी

मिररबद्दल मी लिहितो, मी लाकडी होड्यांचंच काम करतो. मिरर ही फार गुणी होडी आहे. १९६२-६३ च्या सुमारास बॅरी बकनेल आणि जॅक होल्टने केली, डेली मिरर पेपरवरून नाव, लाल शिडं, ३.३० मीटर, ४५ किलोच्या आसपास. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवून सांध्यांवर फायबरची पट्टी आणि रेझिन, अशी पद्धत, त्यामुळे सामान्य माणसाने घरी बांधली, सत्तर हजारांच्या वर झाल्या. सगळं सामान होडीच्या आत मावतं, गाडीच्या टपावर बांधून नेता येते. तुमच्या मुलीला दोन-तीन वर्षांनी मैत्रिणीबरोबर चालवायला याच्याइतकी चांगली होडी मला माहीत नाही.

पण १५० पौंडवाली आणि "थोडं काम आहे" वाली नको. मिरर कुजते ती कोपऱ्यांतून, ट्रान्समच्या (मागच्या सपाट फळीच्या) खालच्या कोपऱ्यात, डॅगरबोर्डच्या (सरळ वर-खाली सरकणाऱ्या फळीच्या) पेटीच्या बुडाशी आणि हवाबंद टाक्यांच्या आत, जिथे हवा खेळत नाही. बारीक टोच्या घेऊन जा, मालकाला विचारून हलकेच टोचा, लाकूड निरोगी असेल तर टोक अडतं, सडलं असेल तर लोण्यात गेल्यागत आत जातं आणि काळा भुसा येतो. बाहेरून छान रंग असतो त्यावर जायचं नाही. इपॉक्सी, मरीन प्लाय, रंग, व्हार्निश असं धरलं तर त्या १५० चे ६०० कधी होतात कळत नाही, आणि अख्खा उन्हाळा होडी ठोकळ्यांवर राहते. तुम्हाला शिडं हाकायला शिकायचंय ना, मग या उन्हाळ्यात पाण्यात असणारी होडी घ्या. कोरडी, गॅरेजमध्ये ठेवलेली मिरर ४००-५०० ला आली तर मला इथेच सांगा, मी बघायला येईन.

कुलाबा_भरती

मुंबईहून लिहितेय, आमच्याकडची परिस्थिती अगदी उलट आहे म्हणून राहवलं नाही. इथे वापरलेली डिंगी विकत मिळणं हेच मुळात कठीण. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासूनचा आहे, गेटवेसमोर त्यांच्या सीबर्ड होड्या अजून चालतात, बाकी कुलाब्याचा सेलिंग क्लब, नौदल आणि लष्कराची केंद्रं, पुण्याकडे बोट क्लब आणि खडकवासला, म्हणजे जे काही शिकणं ते क्लबच्या होडीवरच. पावसाळ्याचे चार महिने होड्या वर काढलेल्या, ऑक्टोबरपासून पुढे दुपारी खारे वारे सुटले की बंदरात मस्त चालतं आणि ओहोटीचं गणित चुकलं तर होडी गाळात. त्यामुळे माझं म्हणणं असं की पहिलं वर्ष विकत घेऊच नका, क्लबच्या पाच प्रकारच्या होड्या चालवा, मग कळेल आपल्याला काय झेपतं काय आवडतं. तुमच्याकडे भाड्याने मिळतात तर का नाही वापरायच्या?

आणि दिलीप दोंदे सरांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहेच, २००९-१० मध्ये गोव्यात दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या म्हादेई या शिडाच्या होडीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. दुसऱ्याच्या होडीवर शिकलेला माणूस कुठे कमी पडत नाही.

डोलकाठी

कुलाबा_भरती ताई, मुंबईत मीही हेच सांगितलं असतं. इथे फरक असा की क्लबची होडी ठरलेल्या वेळेतच मिळते, आणि उन्हाळ्यात संध्याकाळी नऊपर्यंत उजेड असतो तेव्हा ऑफिसमधून सुटून तासभर पाण्यात जायचं तर स्वतःची तयार होडी लागते. वर्षभर थांबायची गरज नाही, पण महिनाभर इतरांच्या होड्यांत क्रू म्हणून बसायला काहीच हरकत नाही. क्लबात क्रू कायम कमी असतात, नुसतं विचारलं तरी कोणीतरी घेतं.

लेस्टरकर

बापरे, इतकं सगळं मनापासून लिहिलंत, खूप आभार. मिरर आणि लेझर दोन्ही बाजूला ठेवल्या. पण ती केबिनवाली अजून मनातून जात नाहीये, तिच्याबद्दल कोणीच काही बोललं नाही. पाऊस आला तर आत बसता येईल, मुलीला झोपता येईल, चहा करता येईल.

मिशिगनवासी

तिच्यावर मी बोलतो, माझ्याकडे कॅटलिना २२ आहे आणि मला ती फार प्रिय आहे. केबिनवाली होडी घेतली की तीन खर्च दर वर्षी येतात, मूरिंग (पाण्यात होडी बांधून ठेवायची जागा) किंवा पार्किंगची जागा, इंजिन, आणि पाण्यात उतरवण्या-चढवण्याचा क्रेन नाहीतर मोठा रॅम्प. माझ्या होडीचं नुसतं झुलतं कील साडेपाचशे पौंड वजनाचं आहे, ते उचलणारी केबल, विंच आणि खिळ दर वर्षी तपासावी लागते, केबल तुटली तर कील खाली आपटून तळ फुटतो. तुमच्या जाहिरातीतल्या होडीला दोन स्थिर कील आहेत म्हणजे ते काम नाही, पण ती कील सांगाड्याला जिथे बोल्टने जोडलीत तिथे गंजाचे ओघळ दिसतायत का ते फोटोतून कळणार नाही. आणि शिकण्याच्या दृष्टीने जड होडी हळू बोलते. शीड चुकीचं ओढलं तरी ती चालतच राहते, हाताला काही कळत नाही. दोन वर्षं डिंगी करा, मग घ्या, तेव्हा खरा आनंद मिळेल.

ब्रिस्टलची_मेधा

माझी दोन्ही मुलं च्यू व्हॅली तलावावर सेलिंग करतात त्यामुळे मुलीच्या बाजूने थोडं. होडीच्या बजेटमधून कपड्यांचे पैसे आधी बाजूला काढा. एप्रिल-मेमध्ये हवा छान असते पण पाणी १०-१२ डिग्री असतं, आणि १५ च्या खाली पाण्यात अचानक पडलं की श्वास अडकतो, घाबरगुंडी उडते, पोहता येणाऱ्या माणसाचीसुद्धा. तिला अंगाला घट्ट बसणारा वेटसूट हवा, मोठा घेऊ नका पुढच्या वर्षी होईल म्हणून, सैल वेटसूटमध्ये पाणी खेळत राहतं आणि मूल गारठतं. बॉयन्सी एडही (तरंगायचं जॅकेट) तिच्या वजनाचाच, खांद्याला धरून उचलून बघा, कानापर्यंत वर सरकला तर मोठा आहे. आणि पहिल्या वेळी जास्तीत जास्त तासभर, ती अजून थांबूया म्हणत असतानाच परत यायचं. माझ्या धाकटीला यानेच गोडी लागली, आता टॉपर नावाच्या लहान होडीवर एकटी जाते.

लेस्टरकर

अपडेट देतो. क्लबात चक्कर मारली, वेफेअरर भरपूर आहेत, एका जोडप्याने आम्हाला आळीपाळीने क्रू म्हणून घेतलंही, दोघंही टिलरवर बसलो. मग नोटीस बोर्डावरच एक चिठ्ठी दिसली, फायबरची मार्क टू (दुसऱ्या आवृत्तीची) वेफेअरर, कॉम्बी ट्रेलर (वर सुटी ट्रॉली असलेला), ताडपत्री, दोन जोड शिडं, १२५० पौंड. काल बघून आलो.

चांगलं आधी लिहितो. तळ कुठेच दबत नाही, सेंटरबोर्ड सहज खाली-वर होतो, एक जोड शिडं खरंच कुरकुरीत आहेत, दुसरी लुळी. पुढची टाकी कोरडी ठणठणीत. मागची झाकण उघडली तर कोपऱ्यात दोन-तीन मग पाणी, आणि झाकणाचं रबर एका बाजूला चपटं होऊन तुटलेलं. उजव्या श्राउडवर खालच्या टोकाला मोजा अडकला, नीट बघितलं तर दोन तंतू तुटून वर आलेत. ट्रेलरच्या टायरला बाजूने भेगा आहेत, दिवे लागतात. मालक सज्जन गृहस्थ, गुडघ्यामुळे सोडतायत, सगळं स्वतःहून दाखवलं. काय करू?

डोलकाठी

घ्या. हे सगळे दोष सुट्या भागांचे आहेत, सांगाड्याचे नाहीत, हाच फरक बघायचा असतो. रबर अगदी किरकोळ खर्चात होतं. तारा मात्र एक नाही, दोन्ही श्राउड आणि फोरस्टे तिन्ही बदला, एकाच वयाच्या असतात. दीड-दोनशे पौंड धरा. टायर दोन्ही नवीन, बेअरिंगला ग्रीस. हा हिशोब मालकांपुढे मांडा आणि १००० सांगा, ११०० पर्यंत जायला हरकत नाही. मागच्या टाकीत पाणी रबरातूनच येतं का हे पक्कं करायला झाकण चिकटपट्टीने बंद करून बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावा आणि बुचाच्या भोकातून तोंडाने फुंका, जिथे बुडबुडे तिथे गळती. पंप लावू नका, दाबाने सांधा उसवतो.

कागदाचं म्हणाल तर डिंगीला गाडीसारखं रजिस्ट्रेशन नसतं, म्हणून पावतीवर शिडाचा नंबर, होडीवरचा नंबर, मालकांचं नाव आणि सही घ्या, दोन्ही नंबर जुळतायत ना बघा. थर्ड पार्टी विमा क्लबात होडी ठेवायच्या आधी लागतो. ट्रेलरला ब्रेक नाही ना? ७५० किलोच्या आत आणि गाडीच्या वजनाच्या निम्म्याच्या आत असला की चालतं, वेफेअरर ट्रेलरसकट त्यात सहज बसते. ट्रेलरची चाकं पाण्यात घालायची नाहीत, वरची ट्रॉली काढून तीच पाण्यात. वेल्सला किंवा दुसऱ्या तलावावर नेलीत तर परत आणण्याआधी धुवून पूर्ण वाळवा, ग्राफम वॉटर तलावात २०१० मध्ये ती परकी मारेकरी कोळंबी सापडल्यापासून सगळे क्लब याबाबत फार कडक आहेत आणि असायलाच हवं.

लेस्टरकर

१०८० ला ठरलं! मालकांनी जुनी लुळी शिडं आणि एक नांगर असाच दिला. तारांची ऑर्डर टाकली. मुलीने नाव ठरवलंय, "टिटवी". पहिल्या दिवशी काय काळजी घ्यावी?

डोलकाठी

वा, मनापासून आनंद झाला. पहिल्या दिवशी ७ ते १० नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) वर वारा नको, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या मोजपट्टीवर फोर्स ३ पर्यंत, पाण्यावर पांढरी फेसाळ टोकं सगळीकडे दिसायला लागली की त्या दिवशी राहू दे. वारा किनाऱ्याकडे वाहत असेल असा दिवस निवडा. मुलगी काठावर, तुम्ही दोघं आधी मुद्दाम होडी उलटवा आणि सरळ करा, सेफ्टी बोटवाल्यांना आधी सांगून. वेफेअरर पूर्ण पालथी झाली की डोलकाठी खाली जाते आणि सरळ करणं फार जड जातं, म्हणून डोलकाठीच्या टोकाला हवा भरलेला फ्लोट बांधा, क्लबात मागितला तर मिळेल. सरळ झाल्यावर मागची टाकी उघडून बघा, कोरडी असेल तरच मुलीला घेऊन जायचं.

तारा आल्या की कळवा, रविवारी सकाळी मी क्लबात असतो, डोलकाठीचा ताण आपण मिळून लावू. येताना दोन जास्तीची बुचं घेऊन या.